नुबा: एक समाज, अनेक चित्रे

आफ्रिकेतील ज्या समाजांची छायाचित्रे विसाव्या शतकात जगभर गाजली, त्यांत सुदानमधल्या नुबा लोकांचे स्थान फार वरचे आहे. 1949 साली एका ब्रिटिश छायाचित्रकाराने त्यांची कृष्णधवल चित्रे टिपली. 1970च्या दशकात एका जर्मन चित्रपट-दिग्दर्शिकेने त्यांच्यावर रंगीत छायाचित्रांचे दोन भव्य ग्रंथ काढले. त्याच सुमारास एका अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या अंगावरील रंगकामाचा बारकाईने अभ्यास केला. पुढे या डोंगरांवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा युद्धाचे चित्रण करणारे कॅमेरे तिथे पोहोचले आणि अखेरीस खुद्द नुबा तरुणांच्या हाती कॅमेरा आला. लोक तेच होते. काही वेळा गावे आणि खेळही तेच होते. तरीही या चित्रांतून दिसणारे नुबा एकमेकांशी जुळत नाहीत. असे का घडते, हे समजून घेण्यासाठी आधी हे लोक कोण आहेत ते पाहावे लागते.

डोंगर आणि माणसे

खार्तूमच्या नैर्ऋत्येला कोर्दोफानचा सपाट प्रदेश पसरला आहे. त्याच्या दक्षिण भागात ग्रॅनाइटचे सुटे सुटे डोंगर उभे आहेत. हेच नुबा पर्वत. कादुगली हे तिथले प्रमुख शहर. डोंगरांच्या उतारावर आणि पायथ्याशी नुबांची गावे असून भोवतालच्या मैदानांत बग्गारा अरबांचे गुरांचे कळप फिरतात. नाईलकाठचे न्यूबियन आणि हे नुबा यांच्या नावांत साम्य असले, तरी ते वेगळे समाज आहेत.

‘नुबा’ हे नाव बाहेरच्यांनी सरसकट दिलेले आहे. या एका नावाखाली चाळीसहून अधिक भाषा बोलणारे गट येतात. कोरोंगो, मेसाकिन, मोरो, ओतोरो, तिरा, न्यिमांग, काऊ, न्यारो आणि फुंगोर ही त्यांतली काही नावे. कुठे वारसा आईकडून चालतो, कुठे बापाकडून. काही मुसलमान आहेत, काही ख्रिस्ती, तर काही आपल्या पूर्वापार श्रद्धा पाळणारे. ज्वारी, तीळ आणि भुईमूग ही त्यांची मुख्य पिके.

हे लोक जगापासून कधी तुटलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात तुर्की-इजिप्शियन राजवटीच्या फौजा गुलाम पकडण्यासाठी या डोंगरांवर वारंवार चालून येत. 1881 मध्ये या राजवटीविरुद्ध उठलेल्या सुदानी महदीने आपल्या अनुयायांसह याच भागातील गदीर डोंगराचा आश्रय घेतला होता. ब्रिटिश आल्यावर न्यिमांगांसारख्या गटांनी बंड केले आणि ते बळाने मोडून काढण्यात आले. 1920च्या दशकात सरकारने इथे कापसाची लागवड सुरू केली. त्याच दशकात या भागात बाहेरच्यांनी परवान्याशिवाय येऊ नये, असा कायदाही झाला. म्हणजे नुबांचे जे ‘एकाकीपण’ पुढे छायाचित्रांतून नावाजले गेले, ते बऱ्याच अंशी गुलामीच्या धाडींनी आणि सरकारी हुकमांनी घडवलेले होते. बहुतेक चित्रांच्या चौकटीबाहेर राहिली ती पहिली गोष्ट म्हणजे हा इतिहास.

बेल्सनहून कोर्दोफानला

जॉर्ज रॉजर हा 1908 साली जन्मलेला ब्रिटिश छायाचित्रकार. दुसऱ्या महायुद्धात त्याने ‘लाइफ’ नियतकालिकासाठी अनेक आघाड्यांवर काम केले. एप्रिल 1945 मध्ये ब्रिटिश सैन्याबरोबर तो बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत शिरला. तिथे प्रेतांचे खच पडले होते. ती टिपताना चौकट नीट साधावी म्हणून आपण प्रेतांची मांडणी कशी दिसते याचा विचार करत आहोत, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो हादरला. पुन्हा युद्धाची छायाचित्रे काढायची नाहीत, असे त्याने ठरवले. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि डेव्हिड सेमूर यांच्यासह त्याने ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली आणि पत्नी सिसिलीसह तो आफ्रिकेच्या लांबच्या प्रवासाला निघाला.

या प्रवासात, 1949 मध्ये, तो नुबा डोंगरांत पोहोचला. कोरोंगोंच्या कुस्त्या, काऊ-न्यारोकडील हातातल्या कड्यांनी होणाऱ्या झुंजी आणि गावातली रोजची कामे त्याने टिपली. 1951 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने यांतली चित्रे छापली. 1955 मध्ये पॅरिसच्या रोबेर देल्पीर यांनी ‘नुबांचे गाव’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने त्याचे छोटेखानी पुस्तक काढले.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र कोरोंगो मल्लाचे आहे. जिंकलेला मल्ल दुसऱ्या एका मल्लाच्या खांद्यावर बसला आहे. दोघांच्या उघड्या अंगांवर राखेचा पांढरा थर आहे. कोल्हापूरच्या तालमीत जशी लाल माती, तशी इथे ही राख, अंगाला फासल्याशिवाय मल्ल मैदानात उतरत नसे. विजयी मल्लाच्या चेहऱ्यावर जल्लोष नाही, एक प्रकारचे गांभीर्य आहे. भोवती गावची माणसे दिसतात. खालच्या माणसाच्या खांद्यावर वरच्याचा पूर्ण भार आलेला कळतो. एकाचा विजय दुसऱ्याने अक्षरशः उचलून धरलेला आहे आणि चित्राचे बळही या नात्यातच आहे.

रॉजरच्या नुबांत अशी माणसे पुष्कळ आहेत. मृत्यूच्या छावणीतून आलेला हा माणूस शांत, स्वावलंबी आणि एकमेकांना धरून राहणाऱ्या जगाच्या शोधात होता आणि कॅमेऱ्यातून त्याला ते सापडले. मात्र त्याच्या चित्रांची मर्यादाही यातूनच येते. कापसाचे शेत, सरकारी कचेरी आणि कर वसूल करणारा मुखिया त्याच्या गाजलेल्या चित्रांत दिसत नाहीत. त्याचे नुबा काळाबाहेर उभे असल्यासारखे वाटतात. पुढे तेच मल्लाचे चित्र एका वेगळ्याच नजरेला साद घालून गेले, त्याचे बीज इथेच होते.

परिपूर्ण देहाचा ध्यास

लेनी रीफेनश्टाल हिचा जन्म 1902 चा. नाझी पक्षाच्या 1934 सालच्या न्युरेंबर्ग मेळाव्यावरील ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ आणि 1936च्या बर्लिन ऑलिंपिकवरील ‘ऑलिंपिया’ हे तिचे चित्रपट तांत्रिक कौशल्यासाठी जितके नावाजले गेले, तितकेच ज्या राजवटीची त्यांनी सेवा केली तिच्यामुळे बदनाम झाले. युद्धानंतरच्या चौकशीत ती नाझींची ‘सहप्रवासी’ ठरली. चित्रपटसृष्टीतले तिचे स्थान तिला पुन्हा मिळाले नाही.

रॉजरचे मल्लाचे चित्र पाहून ती नुबांकडे ओढली गेली. हे लोक नेमके कुठे भेटतील हे सांगण्यासाठी तिने रॉजरला पैसे देऊ केले. आपली आणि तिची पार्श्वभूमी लक्षात घेता आपल्याला तिच्याशी बोलण्यासारखे काही नाही, असे कळवून त्याने नकार दिला. अखेर 1962 मध्ये एका जर्मन अभ्यासमोहिमेबरोबर ती नुबा डोंगरांत पोहोचली. कोरोंगोंचे शेजारी असलेल्या मेसाकिन लोकांत ती राहिली, त्यांची थोडी भाषा शिकली आणि पुढची अनेक वर्षे तिथे परत परत गेली. ‘द लास्ट ऑफ द नुबा’ हा तिचा ग्रंथ मूळ जर्मनमध्ये 1973 साली आणि इंग्रजीत 1974 साली निघाला. मेसाकिन आता कपडे वापरू लागले, बदलले, अशी खंत बाळगून ती आग्नेयेकडील काऊ लोकांकडे वळली. त्यांच्यावरचा ‘द पीपल ऑफ काऊ’ हा ग्रंथ 1976 मध्ये आला.

ही छायाचित्रे रंगीत, मोठ्या आकाराची आणि तांत्रिकदृष्ट्या अचूक आहेत. दूरवरून जवळचे दृश्य पकडणाऱ्या लांब भिंगांचा तिने भरपूर वापर केला. अशा भिंगातून चेहरा किंवा खांदा स्पष्ट उठून दिसतो आणि मागची झोपडी, माणसे, झाड पुसट होऊन जातात. रॉजरच्या चित्रात मल्लाला आधार देणारा माणूस आहे. तिच्या कितीतरी चित्रांत मात्र देह एकटा आहे, तेलाने चकाकणारा, स्नायू ताणलेला, शिल्पासारखा. मेसाकिनांची गोलाकार घरे, कुलपाच्या छिद्रासारखी त्यांची दारे आणि ग्रॅफाइटने घासून निळसर चमक आणलेल्या भिंती तिने उत्तम टिपल्या, हेही नोंदवायला हवे. मात्र पुस्तकाचा कळस आहे कुस्ती आणि मृत्यू. म्हातारी, आजारी, थकलेली माणसे तिथे अभावानेच भेटतात.

अमेरिकी लेखिका सुसान सोन्टॅग हिने फेब्रुवारी 1975 मध्ये ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. तिचे म्हणणे असे की रीफेनश्टालची तरुणपणीची डोंगरचढाईवरील चित्रपटांची आवड, नाझी काळातले चित्रपट आणि ही नुबा छायाचित्रे एकाच सौंदर्यदृष्टीची तीन रूपे आहेत. निर्दोष देहाची पूजा, बलवानाने दुबळ्याला नमवण्याचा सोहळा आणि त्याला मान देणारा समूह हे सूत्र तिन्हीकडे आहे. विषय आफ्रिकी झाला म्हणून नजर बदलली असे होत नाही, हा तिचा मुद्दा होता. रीफेनश्टालने हा आरोप कधीच मान्य केला नाही. आपण केवळ सौंदर्य शोधले, हीच तिची भूमिका अखेरपर्यंत राहिली. आज दोन्ही छायाचित्रकारांची चित्रे शेजारी ठेवली की सोन्टॅगच्या म्हणण्यातला तथ्यांश डोळ्यांनीच पटतो.

चित्रात न मावणारा मल्ल

या दोन्ही छायाचित्रकारांच्या आधी एका अभ्यासकाने हेच दोन गट जवळून पाहिले होते. झिगफ्रीड नाडेल हा ऑस्ट्रियात जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ सुदान सरकारच्या नोकरीत होता. नुबांवरील त्याचा मोठा ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1952 मध्ये त्याने कोरोंगो आणि मेसाकिन यांची तुलना करणारा निबंध लिहिला. दोन्ही गट शेजारी राहतात, सारखीच शेती करतात, दोघांतही वारसा आईकडून चालतो आणि दोघांनाही खेळांचे वेड आहे. असे असूनही मेसाकिनांना चेटुकाची सतत धास्ती, तर कोरोंगोंत चेटुकावर विश्वासच नाही, असे त्याला आढळले.

याचे कारण त्याने वयाच्या टप्प्यांत शोधले. कोरोंगो पुरुष टप्प्याटप्प्याने खेळांतून निवृत्त होतो. मेसाकिन पुरुषाचे टप्पे मोजकेच असल्याने ऐन विशीत त्याला मैदान सोडावे लागते आणि तारुण्य एकदम संपल्यासारखे होते. दोन्हीकडे भाच्याला मामाच्या गुरांतून हयातीतच वाटा मिळण्याची रीत आहे. मेसाकिन मामाला मात्र ही मागणी म्हणजे आपण म्हातारे झाल्याची नोटीस वाटते. तो नकार देतो, तंटा होतो आणि मग घरात कुणी आजारी पडले की चेटुकाचा संशय मामा-भाच्यांच्या नात्यातच शिरतो.

रीफेनश्टालच्या चित्रांतल्या तेजस्वी मेसाकिन मल्लाचे पुढचे आयुष्य असे आहे. त्याच्या शरीराचे वैभव जगाने पाहिले, ते लवकरच सोडावे लागणार याची त्याची भीती मात्र कॅमेऱ्याने दाखवली नाही. नाडेल वसाहतवादी सरकारचा नोकर होता आणि कारभाराला उपयोगी पडेल असे ज्ञान त्याच्याकडून अपेक्षित होते, हेही विसरता येत नाही. तरीपण त्याच्या लेखनातले नुबा मामाशी भांडतात, वय झाल्याने खंतावतात, एकमेकांवर संशय घेतात. ती माणसे आहेत, पुतळे नव्हेत.

अंगावरची कला कुणाची?

काऊ, न्यारो आणि फुंगोर या आग्नेय नुबांमध्ये तरुण पुरुष चेहरा आणि अंग रंगवत. जेम्स फॅरिस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यात राहून अभ्यास केला. त्याचे ‘नुबा पर्सनल आर्ट’ हे पुस्तक 1972 मध्ये, म्हणजे रीफेनश्टालच्या काऊवरील ग्रंथाच्या चार वर्षे आधी आले.

फॅरिसने या कलेचे नियम उलगडले. रंगण्याआधी अंगाला तेल लावावेच लागे, कारण कोरड्या कातडीने चारचौघांत जाणे अशोभनीय मानले जाई. रंग वयाच्या टप्प्यानुसार ठरत. पोरसवदा मुलाला जे रंग चालत नसत, ते वरच्या टप्प्यातला तरुण वापरू शके. शरीर सुदृढ असेल तोवरच रंगायचे, वय झाले की थांबायचे. स्त्रियांच्या अंगावर तेलासह गेरू-पिवडीसारखा रंग असे आणि तो कुळाशी जोडलेला असे. त्यांच्या कातडीवरील व्रणांची नक्षी तीन टप्प्यांत कोरली जाई: वयात येऊ लागताना, पहिल्या ऋतुस्रावानंतर आणि पहिले मूल अंगावरचे दूध सोडी तेव्हा.

फॅरिसचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष पुरुषांच्या नक्षीबद्दल आहे. पाहुण्यांना वाटे की प्रत्येक रेघेत काही मंत्र-तंत्र किंवा धार्मिक गूढ दडलेले असणार. प्रत्यक्षात नक्षीचा मुख्य हेतू शरीर देखणे दिसावे हा होता. एखाद्या प्राण्याचा आकार घेतला, तरी त्या प्राण्याशी काही पवित्र नाते असावे लागत नसे. तो आकार या गालावर, या कपाळावर शोभतो का, हा खरा प्रश्न. डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी रंगवून चेहऱ्याची ठेवण बदलून दाखवण्यात कसब होते. नक्षी धुऊन नवी काढली जाई आणि कोणाची चांगली जमली यावर गावात मते पडत. हे रंगारी पूर्ण अर्थाने चित्रकार होते आणि स्वतःचे शरीर हाच त्यांचा फलक होता.

यामुळे काऊच्या छायाचित्रांचा अर्थच बदलतो. रीफेनश्टालच्या ग्रंथातला रंगवलेला चेहरा पाहून वाचक छायाचित्रकाराला दाद देतो. तथापि चौकटीत जी रचना दिसते, ती आधी त्या तरुणाने केलेली आहे. त्याच्या कलाकृतीची ती प्रत आहे. फरक एवढाच की मूळ कृती दोन-चार दिवसांत पुसली जाते आणि प्रत विकली जाते. ग्रंथ गाजल्यावर या दुर्गम गावांकडे पर्यटकांचे आणि कॅमेऱ्यांचे पाय वळले. छायाचित्रांनी जे दाखवले, त्यालाच धक्का देण्याचे काम या प्रसिद्धीने केले.

युद्ध आणि स्वतःचा कॅमेरा

1980च्या दशकाच्या मध्यापासून सुदानचे यादवी युद्ध नुबा डोंगरांत पसरले. यूसुफ कुवा मेक्की या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली अनेक नुबा बंडखोर सेनेत गेले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने या भागाची नाकेबंदी केली, गावे जाळली आणि लोकांना तथाकथित ‘शांतता छावण्यां’त नेले. 1995 मध्ये पत्रकार जुली फ्लिंट हिने बीबीसीसाठी केलेल्या माहितीपटातून आणि ‘आफ्रिकन राइट्स’ या संस्थेच्या अहवालातून हे जगापुढे आले. आता नुबा म्हणजे उपासमारीने खंगलेली, विस्थापित माणसे, असे नवे चित्र तयार झाले. जगाला मदतीसाठी हलवण्याकरता ते आवश्यक होते. मात्र नुसत्या बळीच्या रूपात पाहिलेल्या माणसाचीही बाकीची ओळख हरवते, जशी ती नुसत्या मल्लाच्या रूपात पाहिल्याने हरवते.

2002 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युद्धविरामाचा करार झाला. जून 2011 मध्ये युद्ध पुन्हा पेटले. सरकारी अंतोनोव्ह विमानांतून बॉम्ब पडत आणि लोक डोंगरातल्या गुहांत आणि खड्ड्यांत आसरा घेत. परदेशी पत्रकारांना सरकारने वाट बंद केली होती. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘नुबा रिपोर्ट्स’ या उपक्रमात स्थानिक तरुणांना चित्रीकरण शिकवण्यात आले आणि हल्ल्यांच्या ध्वनिचित्रफिती तेच बाहेर पाठवू लागले. सुदानी दिग्दर्शक हजूज कुका याने नुबा डोंगर आणि ब्लू नाइल प्रांतातील विस्थापितांवर ‘बीट्स ऑफ द अंतोनोव्ह’ हा माहितीपट केला. 2014 मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला माहितीपटांसाठीचा प्रेक्षक पुरस्कार मिळाला. त्यात बॉम्ब आहेत, पण बॉम्ब पडून गेल्यावर हसणारी, वाद्ये बनवणारी, रात्रभर गाणारी माणसेही आहेत. सुदानी म्हणजे कोण, आपला रंग आणि आपली भाषा कमी दर्जाची का मानली जाते, यावर ती स्वतः बोलतात. जी माणसे आधीच्या ग्रंथांत बहुतांशी मुकी होती, ती इथे वाद घालतात.

चित्र कसे वाचावे

नुबांच्या या सगळ्या चित्रांत कुठलेही एक चित्र पूर्ण खोटे नाही. कोरोंगो मल्ल खरोखरच खांद्यावर मिरवला जात होता, मेसाकिनांचे देह खरोखरच कसलेले होते, काऊच्या तरुणांची नक्षी डोळे दिपवणारी होती आणि 1990च्या दशकातली उपासमारही खरीच होती. फरक पडतो तो निवडीने. रॉजरने युद्धाने विटलेल्या मनाने सलोखा निवडला. रीफेनश्टालने आयुष्यभर जपलेला देहाचा ध्यास निवडला. फॅरिसने नियम आणि कौशल्य निवडले. कुकाने आवाज निवडला.

म्हणून अशा चित्रांसमोर काही साधे प्रश्न विचारावेत. चित्र कोणत्या साली आणि कोणासाठी काढले? छायाचित्रकार किती अंतरावर उभा होता? चित्रातल्या माणसाला नाव आहे की तो केवळ जमातीचा नमुना आहे? म्हातारी माणसे, बायका, शेते, बाजार, सरकार यांना कुठे जागा आहे? आणि चित्रात जे सौंदर्य दिसते, ते मुळात कोणी घडवले? हे प्रश्न नुबांपुरते नाहीत. मासाई, झुलू किंवा हिंबा यांच्या चित्रांनाही ते लागू पडतात आणि भारतातल्या आदिवासींच्या दिनदर्शिकेवरील छायाचित्रांनाही.

रीफेनश्टालच्या ग्रंथाने नुबांना ‘अखेरचे’ ठरवून आता अर्धशतक उलटले. गुलामीच्या धाडी, वसाहत, नाकेबंदी आणि बॉम्ब सोसूनही नुबा आजही त्या डोंगरांत आहेत, त्यांच्या कुस्त्या होतात आणि आपल्याबद्दल काय सांगायचे हे ते स्वतः ठरवू लागले आहेत. त्या ग्रंथाचे नावच चुकीचे होते.